श्रवणदोष : कामगाराला कळतो सर्वांत शेवटी

पाताळगंगेच्या काठावरील रसायनीची ओळख तिच्या नावातच आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सपासून रिलायन्सच्या पॉलिएस्टर प्रकल्पापर्यंत अनेक उद्योगांनी खालापूर तालुक्याच्या या पट्ट्याला रोजगार दिला. अशा पट्ट्यात सुरक्षेचा विचार साहजिकच वायुगळती, आग आणि स्फोट यांच्याभोवती फिरतो. कॉम्प्रेसर, ब्लोअर, जनरेटर आणि वाफेच्या झडपा यांच्या सततच्या आवाजाने होणारी दुखापत मात्र दिसत नाही आणि दुखतही नाही. त्यामुळेच ती वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते.

कानाच्या आतील शंखाकृती भागात, म्हणजे कर्णावर्तात, सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनिलहरींचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करण्याचे काम या पेशी करतात. अतितीव्र आवाजाने त्या आधी थकतात व नंतर मरतात. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. पाळी संपल्यावर कान बधिर वाटणे किंवा कानात सूं सूं होणे आणि सकाळपर्यंत पूर्ववत होणे, याकडे 'सवयीचा भाग' म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो पहिला इशारा असतो. रोजची ही तात्पुरती हानी कालांतराने कायमची होते.

'ऐकू येते, पण समजत नाही'

आवाजामुळे येणारा श्रवणदोष सहसा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उच्च स्वरांपासून सुरू होतो. संभाषणातील भारदस्त स्वर त्यापेक्षा बरेच खालच्या पट्टीत असल्याने माणसाला आपण व्यवस्थित ऐकतो असेच वाटत राहते. निसटतात ती स, श, फ यांसारखी बारीक व्यंजने. परिणामी 'ऐकू येते, पण समजत नाही' ही तक्रार सुरू होते आणि दोष समोरच्याच्या पुटपुटण्यावर ढकलला जातो. स्त्रियांचे व लहान मुलांचे बोलणे अवघड जाते, लग्नसमारंभाच्या गर्दीत संवाद तुटतो, दूरचित्रवाणीचा आवाज वाढत जातो. हे बदल घरातील माणसांच्या लक्षात आधी येतात. ज्याचा कान जात आहे, त्याला ते सर्वांत शेवटी कळतात.

म्हणूनच तक्रार आल्यावर तपासणी हा क्रम येथे निरुपयोगी ठरतो. निरनिराळ्या कंपनसंख्यांचे स्वर ऐकवून केली जाणारी श्रवणचाचणी, अर्थात ऑडिओमेट्री, साधारण अर्ध्या तासात होते. ४००० हर्ट्झजवळची घसरण तिच्या आलेखात माणसाला जाणवण्याच्या कितीतरी आधी दिसते. नोकरीच्या आरंभी एक आलेख आणि त्यानंतर दरवर्षी एक, एवढी तुलना हाती असेल तर हानी वेळीच थांबवता येते.

मर्यादेचा प्रश्न

भारतात कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली आहे. दर पाच डेसिबल वाढीला कामाची वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला दोन तास. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस अधिक कडक आहे. ती ८५ डेसिबलपासून सुरू होते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात अवघी १५ मिनिटे सुरक्षित ठरतात. मर्यादा पाळली म्हणजे कान वाचला, असे समजणे म्हणूनच धाडसाचे आहे. मोजमापाचे यंत्र हाताशी नसेल तर साधी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे.

रासायनिक पट्ट्यात त्यात आणखी एक घटक मिसळतो. टोल्युइन, स्टायरीन यांसारखी द्रावके स्वतःच श्रवणेंद्रियाला अपाय करू शकतात आणि आवाजासोबत त्यांचा परिणाम वाढतो. केवळ आवाज मोजून अशा ठिकाणचा धोका पुरता कळत नाही. संरक्षणासाठी दिलेले इअर प्लगही कोकणच्या दमट उकाड्यात किंवा सूचना ऐकण्यासाठी वारंवार काढले जातात. आठ तासांच्या पाळीत ते अर्धा तास जरी काढून ठेवले, तरी त्यांचा बराचसा उपयोग वाया जातो. त्यामुळे यंत्रालाच आवरण घालणे, वंगण व दुरुस्ती वेळच्या वेळी करणे आणि कामगारांची जागा आलटूनपालटून बदलणे हे उपाय अग्रक्रमाने व्हायला हवेत.

कायदा आहे, नोंद कुठे?

आवाजजन्य श्रवणदोष हा कायद्याला अपरिचित आजार नाही. कारखाना अधिनियमातील अधिसूचित रोगांच्या यादीत त्याचा समावेश होता. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या यादीतही तो आहे. नुकसानभरपाईसाठीही तो व्यवसायजन्य आजार मानला जातो. अडचण पुराव्याची आहे. वयाची साठी गाठल्यावर ऐकू येईनासे झाले, तर ते वयामुळे की यंत्रामुळे, हे जुन्या आलेखाशिवाय सिद्ध करणे कठीण असते. ठेकेदार बदलत गेलेल्या कंत्राटी कामगाराची सलग वैद्यकीय नोंद राहणे तर आणखी दुरापास्त.

कारखाने कायमचे नसतात, याचेही रसायनी साक्षीदार आहे. २०१७ साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचे येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प तेवढा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे गेला. आस्थापना बंद होते, माणसाचे कान मात्र आयुष्यभर त्याच्यासोबत असतात. श्रवणचाचणीच्या आलेखाची प्रत कामगाराच्या हाती दरवर्षी पडली पाहिजे, ही मागणी त्यामुळेच संघटनांनी वेतनकरारात आणावी इतकी मूलभूत आहे.

घरातही तोच नियम

कारखान्याबाहेरच्यांनाही हा नियम चुकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार इअरफोनवरील ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत व्हावेत, असा संकेत आहे. कारण भाषा शिकण्याचा काळ वाट पाहत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ साचला असेल म्हणून तेल घालत न बसता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाल्यास श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता अधिक असते.

चष्म्याचा नंबर तपासून घेण्यात आज कुणालाही कमीपणा वाटत नाही. कानाची चाचणी मात्र 'बहिरा' हा शिक्का बसेल या भीतीने टाळली जाते. गोंगाटात काम करणाऱ्याला ती भीती सर्वांत महागात पडते, कारण थांबवता येण्याजोगी हानी तो वर्षानुवर्षे होऊ देतो.