लोहगावचे काय, हे आजच ठरवा

पुरंदरला पुण्याचा नवा विमानतळ झाला की सध्याच्या लोहगाव विमानतळाचे काय होणार? सांगवी-पिंपळे गुरवच्या पट्ट्यात हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आपली खंत वेगळी असते: चाकण-राजगुरूनगरचा विमानतळ हुकला आणि 2016 मध्ये पुरंदरचे नाव पुढे आले. पण लोहगावचा प्रश्न लांबणीवर टाकला तर काय होते, ते गोव्यात दाबोळीला आज दिसते आहे.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांची. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा दमण, दीव आणि कराचीशी दळणवळण टिकावे म्हणून 1955 मध्ये ती वापरात आली. 18 डिसेंबर 1961 रोजी आपल्या हवाई दलाच्या 12 कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकून ती उखडली. या मोहिमेसाठी हवाई दलाने पुण्याचा तळही वापरला होता. धावपट्टी निकामी करा, पण इमारतींना धक्का लावू नका, असा हुकूम होता आणि तो तंतोतंत पाळला गेला. त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवून दोन विमाने कराचीकडे काढली. त्यांतले एक सुपर कॉन्स्टलेशन होते. त्याच जातीचे विमान आज जवळच बोगमाळोला, नौदलाच्या संग्रहालयाबाहेर उभे आहे: चार पंखे, लांब वाकदार अंग आणि शेपटीवर तीन उभे पंख.

1962 मध्ये धावपट्टी नौदलाकडे गेली आणि पुढे आयएनएस हंसा हा तळ तिथे आला. प्रवासी विमानांना एक कोपरा मिळाला. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावाचे, त्यामुळे प्रवासी विमानांची दाटी उरलेल्या वेळात. देशाच्या संरक्षणाचा हक्क पहिला, यात वाद नाही. वाद आहे तो प्रवाशांचा हक्क कधीच पक्का न झाल्याचा. 2000 मध्ये केंद्राने गोव्यातच मोपा येथील नव्या विमानतळाला मंजुरी देताना दाबोळीची नागरी सेवा बंद करण्याची अट घातली. 2010 मध्ये ती मागे घेतली. जानेवारी 2023 मध्ये मोपा सुरू झाला. दोन्ही विमानतळ चालतील, असे आश्वासन आहे. पण कोणती उड्डाणे कुठे राहतील, याची वाटणी झालेली नाही. 2024 मध्ये कतार एअरवेज मोपाला निघून गेली. पेडण्यातला मोपा सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना सोयीचा आहे, याचा मला आनंदच आहे. पण वास्को-मडगावच्या प्रवाशाला आणि दाबोळीच्या टॅक्सीवाल्याला उद्याचा भरवसा कोण देणार?

लोहगावची गत वेगळी नाही. 1939 पासूनचा हा तळ हवाई दलाचा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी पुण्याची विमानसेवा 14 दिवस पूर्ण बंद होती. त्यामुळे दुसरा विमानतळ हवाच. मात्र तो आला म्हणून पहिल्यावर पाणी सोडणे परवडणारे नाही. चाकणच्या कारखान्यातून सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्या इंजिनिअरला सासवडच्या बाजूला जायचे तर आख्खे पुणे ओलांडावे लागेल.

म्हणून पुरंदरच्या निविदेआधी सरकारने हवाई दलाशी बसून लेखी ठरवावे: लोहगावला प्रवासी विमानांचे तास कोणते, कमी पल्ल्याची कोणती उड्डाणे तिथे कायम राहणार आणि ती किती वर्षे. नव्या विमानतळाच्या चालकाशी होणाऱ्या करारातही ही कलमे हवीत. नाहीतर त्याच्या नफ्यासाठी लोहगाव हळूहळू रिकामे पडेल आणि निर्णय कोणी घेतला, हेही कळणार नाही.

हा हिशेब केवळ प्रवाशांचा नाही. पुरंदरच्या सात गावांकडे जमीन मागितली जात आहे. लोहगाव किती भार उचलणार, हे ठरल्याशिवाय पुरंदरला किती जमीन लागणार, हे सांगता येत नाही. ज्याच्याकडे बागायती जमीन मागायची, त्याला एवढे उत्तर आधी मिळायलाच हवे.

– सांगवीकर