झुडपाची निवड: फुलाआधी पाणी

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली आणि उल्लंघनास ५,००० रुपये दंड ठरविला. घरगुती बागांची खरी परीक्षा तेव्हा झाली. तरीही रोपवाटिकेत आजही प्रथम पाहिला जातो तो फुलाचा रंगच.

कॅलिफोर्नियात मॅन्झानिटा या स्थानिक झुडपाला बागेत मान आहे, कारण तेथील कोरडा उन्हाळा ते पाण्यावाचून सोसते. ते बेंगळुरूत आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्याला पाऊस हवा हिवाळ्यात. येथे तो मुख्यतः मे ते ऑक्टोबर पडतो, आणि उबदार, ओल्या मातीत त्याची मुळे कुजतात. घेण्याजोगी आहे ती निवडीची रीत. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने बंदीपूरच्या जंगलाचे काय केले, हे कर्नाटकात निराळे सांगावयास नको.

दख्खनच्या पठारावर करवंद आणि धायटी ही झुडपे ऐन कोरड्या दिवसांत फुलतात. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. करवंदाचे काटेरी कुंपण मोकाट गुरे अडविते, शिवाय उन्हाळ्याअखेर फळ देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण बोल्ड’ हे वाण यासाठी विचारात घ्यावे. मुले खेळतात त्या वाटेवर मात्र करवंद नको, तेथे धायटीच बरी.

विस्तार कार्यकर्त्यांनी रोप सुचविण्यापूर्वी मार्चमध्ये पाणी कोठून देणार, हे विचारावे. जूनमध्ये लावलेल्या करवंदाला पहिल्या उन्हाळ्यात भाजी धुतलेले पाणी घालता येते.