टँकरच्या खेपा मोजता, मग चालकाचे तास कोण मोजणार?

उन्हाळ्यात सातारा-देवळाईत किंवा एखाद्या गुंठेवारी वसाहतीत टँकरचा हॉर्न वाजला की सगळ्यांची नजर पाइपकडे जाते. ड्रम भरला का? पुढच्या गल्लीला पाणी उरेल का? स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाची आज कितवी खेप आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायला हवा. टँकर चालवणं साध्या ट्रकपेक्षा शरीराला जास्त जड जातं आणि चालकाच्या थकव्याची किंमत शेवटी रस्त्यावरच्या सगळ्यांनाच मोजावी लागते.

टँकर वेगळा का?

सिमेंटच्या गोण्या रचून बांधल्या की जागच्या हलत नाहीत. पाणी, डिझेल किंवा गॅस बांधून ठेवता येत नाही. १० हजार लिटर पाणी म्हणजे १० टन वजन. ब्रेक दाबला की हे वजन टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळतं, मग मागे फिरतं. थांबत आलेली गाडी पुन्हा पुढे ढकलली जाते. वळणावर तेच वजन एका बाजूला सरकतं आणि गाडी कलते.

टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आतल्या पाण्याला हलायला जागा कमी मिळते. खरी कसरत अर्ध्या टाकीची. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. एका गल्लीत अर्धं पाणी उतरवून दुसरीकडे निघालेला टँकर सांभाळणं जास्त अवघड असतं. लाट मोडण्यासाठी टाकीत भोकं असलेल्या आडव्या भिंती बसवतात. त्यामुळे हेलकावा कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही. गॅसचा टँकर तर काठोकाठ भरताच येत नाही. उष्णतेने द्रव फुगतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवावीच लागते.

म्हणून टँकरचालकाला प्रत्येक ब्रेकचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. खांदे, मान आणि पाय सतत ताणलेले राहतात. थकवा आला की पाय ब्रेकवर उशिरा जातो. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी तेवढ्यात आठ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. शहरातल्या गर्दीत आठ मीटर म्हणजे दोन रिक्षा आणि एक दुचाकी.

शरीरावर नेमका काय ताण येतो?

पहिला फटका कंबरेला. माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा बसणारे हादरे सर्वाधिक जाणवतात. खराब रस्त्यावर जड वाहनाच्या सीटमधून येणारे हादरे बऱ्याचदा याच टप्प्यात असतात. युरोपीय संघाने २००२ मध्येच कामगाराला आठ तासांत किती हादरे बसले तर चालतील, याची मर्यादा ठरवली. आपल्याकडे बरेच चालक सीटवर उशी किंवा घोंगडी घालून भागवतात.

दुसरा ताण उष्णतेचा. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. जुन्या गाड्यांत इंजिनाची धग थेट केबिनमध्ये येते. केंद्र सरकारने २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची केली, हे चांगलंच झालं. पण रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या हजारो गाड्यांना तो नियम लागू नाही.

तिसरा ताण आपण बोलायला लाजतो असा आहे. रस्त्यात स्वच्छतागृह नसेल तर माणूस लघवी रोखतो, नाहीतर पाणीच कमी पितो. दिवसभर लोकांना पाणी पोचवणाऱ्यावर मूतखड्याची वेळ येते ती अशी.

शिवाय काम सीटवर संपत नाही. शिडीने टाकीवर चढायचं, झाकण उघडायचं, ओला जड पाइप ओढत न्यायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि अरुंद गल्लीतून रिव्हर्स घ्यायचा. तासभर आखडून बसलेल्या कंबरेने एकदम उतरून वजन ओढणं हे तर दुखापतीला आमंत्रणच.

हा फक्त चालकाचा प्रश्न आहे का?

पाण्याचा टँकर शहरातच फिरतो. पेट्रोल-डिझेलचा टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून शंभर-सव्वाशे किलोमीटर कापून येतो. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ‘हिट अँड रन’च्या नव्या कलमाविरोधात चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा लगेच पंपांवर रांगा लागल्या. अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्या कलमात होती. पुढे त्याची अंमलबजावणी थांबवण्यात आली. शिक्षेवर देशभर चर्चा झाली, पण अपघाताआधी चालक किती तास जागा असतो, यावर फारशी झाली नाही.

त्यानंतर महिनाभरातच, १ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे जालना रोडवर सिडको उड्डाणपुलाजवळ एलपीजीच्या टँकरला अपघात होऊन गळती सुरू झाली. वीज बंद करावी लागली, परिसरातल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि कित्येक तास पाण्याचा मारा सुरू होता. त्या अपघाताचं खापर कोणावर फोडायचा इथे हेतू नाही. पण एका टँकरमुळे शहराचा मोठा भाग कसा थांबतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

कायदा काय सांगतो?

मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी साधारण मर्यादा होती. लांब पल्ल्यासाठी काही सवलती होत्या. आता तो कायदा नव्या श्रम संहितेत सामावला आहे आणि तिथेही दिवसाचे आठ तास कायम आहेत. अडचण अशी की १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. दोन-तीन गाड्यांचा मालक तेव्हाही त्याबाहेरच राहायचा.

प्रत्यक्षात हिशोब खेपेवर चालतो. समजा, भरणं, जाणं, रिकामं करणं आणि परतणं मिळून एका खेपेला दीड तास लागतो. आठ तासांत पाच खेपा होतात. आठ खेपा केल्या तर बारा तास. खेपेमागे भत्ता असेल तर आठवी खेप कोण सोडेल? म्हणून चालकालाच दोष देण्यात अर्थ नाही.

मग उपाय काय?

उपाय गाडीतच बसवलेला आहे. टंचाईच्या सरकारी टँकरना जीपीएस लागतं, कारण खेपा खरंच झाल्या का हे बघून बिलं निघतात. तेल कंपन्याही टँकरचा मार्ग असाच बघतात. गाडी किती वाजता सुटली, किती वेळ चालली, कुठे थांबली, हे सगळं नोंदलं जातं. त्याच नोंदीला चालकाचं नाव जोडलं की त्याचे तास निघतात.

महापालिका, जिल्हा परिषद आणि तेल कंपन्यांनी कंत्राटात तीन अटी घालाव्यात. एक, ठरलेल्या तासांपुढे तोच चालक दिसला तर त्या खेपेचं बिल निघणार नाही. दोन, चालकाचा मूळ पगार खेपेवर अवलंबून नसावा. तीन, भरणा केंद्रावर सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हवंच.

यावर मालक म्हणतील, दुसरा चालक ठेवला तर खर्च वाढेल. वाढेलच, आणि खेपेचा दरही थोडा वाढेल. आज तो खर्च चालक आपल्या कंबरेने आणि झोपेने भरतोय, एवढाच फरक.

जायकवाडीवरून येणारी नवी पाणी योजना पूर्ण झाली की शहरातले पाण्याचे टँकर कमी होतील, अशी आशा आहे. पण पंपावरचं डिझेल आणि घरातला गॅस तेव्हाही टँकरनेच येणार. खेप झाली की नाही हे आपण मिनिटामिनिटाला बघू शकतो. त्याच स्क्रीनवर चालकाच्या तासांचा एक रकाना वाढवायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.