ठोकायचे की ओढायचे?

घणाचा आवाज ऐकला की काम जोरात चालले आहे, असे आपल्याला वाटते. गेल्या एप्रिलपर्यंत मलाही वाटत असे. हळद वाळवून, पॉलिश करून पोती भरलेली होती, हिंगोलीच्या मार्केटात भाव बरा निघत होता आणि नेमके त्याच वेळी आमच्या जुन्या पिकअपच्या इंजिनाचे पुढचे ऑईल सील गळू लागले. सील बदलायचे म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरची पुली काढणे आणि पुन्हा बसवणे आले. ही पुली घट्ट मापाची, हाताने सरकत नाही. मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा धरला, पोराच्या हाती घण दिला आणि पंधरा मिनिटांत ‘घ्या भाऊ, बसली’ म्हणून हात पुसले. मी खूश होऊन पैसे मोजले.

तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीचा पट्टा किंचाळू लागला. पुली नुसत्या डोळ्यांना दिसावी इतकी डुलत होती. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप. पट्टा घसरला तसे इंजिन तापले, आणि मी पोत्यांसकट रस्त्याच्या कडेला.

गाडी ओढून आणली ती दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पुली हलवून पाहिली आणि एवढेच विचारले, ‘ठोकी किसने?’ नवी पुली आणावी लागली. कारण त्या पुलीच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये रबर असते. इंजिनाचे हादरे ते पोटात घेते. घणाने ते जागचे सरकले होते. शिवाय प्रत्येक घाव पुलीवर थांबत नाही, तो क्रँकमधून थेट आतल्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. तिथे काय झाले हे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायची तर माझी तयारी नव्हती.

मग चाचांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला एक रॉड काढला. ट्रकच्या जुन्या हाय-टेन्साईल बोल्टला लेथवर आटे पाडून केलेला. त्याचे एक टोक त्यांनी क्रँकच्या आट्यांत बोटांनीच फिरवत चांगले दहा-बारा आटे आत घातले. पुलीचा गाळा चावीशी जुळवून ती रॉडवरून आत सरकवली. तिच्यावर जाड वायसर, त्यावर क्लचचे जुने रिलीज बेअरिंग, त्यावर नट. एका पान्याने रॉडचे टोक धरले, दुसऱ्याने नट आवळायला घेतला. पुली मुकाट्याने आत चालली. टेकली तेव्हा पान्याला हाताने कळले. रॉड काढून मूळ बोल्ट लावला आणि टॉर्क पान्याने आवळला. मूळ बोल्टनेच का नाही ओढायची, असे मी विचारले. सुरुवातीला त्याचे दोन-तीनच आटे धरतात, म्हणाले. सारा जोर त्यांवर आला की क्रँकचे आटे जातात, आणि मग क्रँक गेला.

दोन मिलिमीटरच्या आट्याचा नट एक फेरा फिरला की पुली दोनच मिलिमीटर पुढे जाते, पण पान्याचा हात त्यासाठी जवळजवळ दोन मीटरची फेरी मारतो. अर्धे-अधिक बळ घर्षणात गेले तरी साध्या माणसाच्या हातून टन-दीड टनाचा ताण सरळ रेषेत मिळतो. बेअरिंग कशाला, तर घर्षण कमी व्हावे आणि आटे झिजू नयेत म्हणून. शाळेतला स्क्रूचा धडा तो हाच.

आणि याला आपण ‘जुगाड’ म्हणतो! माझा राग आहे तो या शब्दावर. जुगाड केले ते घणवाल्याने. चाचांच्या रॉडमागे धातूची निवड आहे, मापे आहेत, आणि काय मोडू शकते याचा विचार आहे. गॅरेजात बनलेले प्रत्येक हत्यार असे असते, असे मी म्हणणार नाही. मऊ लोखंडाचा रॉड ऐन ताणात तुटून डोळा घेऊ शकतो. म्हणून तर चांगले कोणते हे ओळखणारी नजर हवी. ‘देशी डोकॅलिटी’ म्हणून हसून टाळ्या देणारी नको.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती. १९०३ चा लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी पुढची. त्यांची चरित्रे आपण मुलांना देतो, आणि नाक्यावरच्या गॅरेजात काम करणाऱ्या पोराला ‘शिकला नाही म्हणून’ असे म्हणतो.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि वाहने त्यात आहेत. कंपन्यांनी माहिती आणि सुटे भाग द्यावेत, हे योग्यच. पण दुरुस्तीचे ज्ञान फक्त कंपनीकडून खाली येते, ही समजूत त्यात पक्की होऊ नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिरांना प्रमाणपत्र देण्याचीही सोय केली गेली. तिथे कारागिराला अभ्यासक्रमातले किती येते ते तपासतात. कारागिराकडचे अभ्यासक्रमात किती आहे, हे कोण तपासणार? आमच्या आयटीआयने चाचांना वर्षातून चार दिवस मानधन देऊन बोलवावे, रॉडचे ड्रॉइंग मुलांकडून काढून घ्यावे, मापे लिहून ठेवावीत. याला मोठा खर्च नाही.

चाचांची सत्तरी उलटली आहे. मुलगा मोबाईलच्या दुकानात बसतो. रॉडचे माप कुठे लिहिले आहे का, असे मी निघताना विचारले. ते म्हणाले, ‘लिखना किसके लिए?’