धनिकांच्या वेगाला शाळा, आमच्या पोरांना क्लीनरची सीट

१२ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, डिस्ने वर्ल्डच्या आवारातील रेस ट्रॅकवर एक लॅम्बोर्गिनी गाडी भरधाव पळत होती. ती चालवणारा २४ वर्षांचा तरुण काही रेसर नव्हता. पैसे भरून आलेला ग्राहक होता. पैसे भरा, सूचना ऐका, हेल्मेट घाला आणि शेजारी शिक्षक बसवून कोट्यवधींची गाडी पळवा, असा तेथला धंदा. गाडी ताब्यातून सुटली आणि लोखंडी कठड्यावर आदळली. ग्राहक किरकोळ जखमांवर वाचला. शेजारच्या सीटवर बसलेला ३६ वर्षांचा शिक्षक, म्हणजे कंपनीचा नोकरदार माणूस, जागीच मेला. ट्रॅक ज्या दिशेने धावण्यासाठी बांधला होता, त्याच्या उलट दिशेने गाड्या सोडल्या जात होत्या. त्यामुळे कठड्याचे उघडे टोक गाडीच्या समोर आले, हे नंतर वर्तमानपत्रांतून बाहेर आले.

वाचक म्हणतील, वकीलसाहेब, आमच्या पोराला मोटारसायकलचा हप्ता भरता येत नाही आणि तुम्ही लॅम्बोर्गिनीचे काय घेऊन बसलात? प्रश्न बरोबर आहे. पण श्रीमंतांच्या खेळात माणूस मेला की कायदा किती बारकाईने जबाबदारी शोधतो, आणि आमचा माणूस रस्त्यावर मेला की तोच शोध कुठे थांबतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अशा ट्रॅकवर पाऊल टाकण्याआधी एका कागदावर सही घेतात. मला इजा झाली किंवा मी मेलो तरी मी अथवा माझे वारस कोणावर दावा करणार नाही, असा त्याचा मतलब. आता कॅलिफोर्नियातले प्रकरण बघा. २ जून २००५ रोजी फोंटाना येथील ट्रॅकवर फेरारी मालकांच्या क्लबने आपल्या सभासदांसाठी गाड्या पळवण्याचा दिवस ठेवला होता. एक पोर्शे वेगात येत असताना समोर दुसरी गाडी ट्रॅकवर सोडण्यात आली. तिला चुकवताना पोर्शे भिंतीवर गेली. चालक आणि सोबतचा तरुण उद्योजक, दोघेही मेले. सही केलेली होतीच. तरीही उद्योजकाच्या पत्नीने दावा लावला. निशाण दाखवणाऱ्याने गाडी आत कशी सोडली? भिंत मूळ जागेवरून हलवून ट्रॅकच्या जवळ का आणली? एवढ्या ताकदीच्या गाडीत ती घसरू नये म्हणून असणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कंपनीने का बसवली नाही? असे एकेक आक्षेप घेतले गेले. २००७ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि तिची टक्केवारीत विभागणी झाली. मृत चालकाच्या मालमत्तेतून ४९ टक्के, ट्रॅकच्या मालकाकडून ४१, गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून ८ आणि क्लबच्या बाजूने २ टक्के. चालक मेला म्हणून सगळे पाप त्याच्या माथी मारून बाकीचे मोकळे झाले नाहीत. मला या प्रकरणात एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

आता मुंबईला या. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा या तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ मेले, ८ जखमी झाले. हे मजूर रस्त्याच्याच कामावरचे होते. सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये शिक्षा दिली ६ महिन्यांची. लोक संतापले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली ३ वर्षे ठोठावली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ठीक आहे. पण खटला चालला तो एका चालकावर. रस्ता बांधणारी माणसे त्याच रस्त्याच्या कडेला का झोपतात, त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाची, तेथे कठडा का नव्हता, दिवा का नव्हता? कॅलिफोर्नियात भिंत कोणी हलवली हे विचारले गेले. कार्टर रोडवर भिंतच नव्हती, तेव्हा विचारणार कोण! त्या मजुरांनी तर कसल्या कागदावर सहीदेखील केली नव्हती.

आणि पुण्याच्या कल्याणीनगरचे १९ मे २०२४ चे प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. सतरा वर्षांचे पोर, पोर्शे गाडी, दोन तरुण अभियंत्यांचे मरण आणि ३०० शब्दांचा निबंध. त्यावर अधिक लिहीत नाही.

मला लिहायचे आहे ते आमच्या जिल्ह्याबद्दल. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डे मात्र नाव बदलण्याची वाट पाहत बसले नाहीत. या नगरला गाडी चालवण्याचे शास्त्र नवे नाही. छावणीत लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून आहे. रणगाडा चालवणारा जवान तेथे शिकून तयार होतो. कोणी त्याला 'बघून बघून शीक' म्हणत नाही. शेजारीच व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. देशात गाडी विकायला काढण्यापूर्वी जिच्याकडून चाचणी करून घेता येते अशा संस्थांच्या यादीत केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ ने तिचे नाव घातले आहे. म्हणजे ब्रेक किती अंतरात लागला पाहिजे हे मोजणारी माणसे आमच्याच गावात राहतात.

आणि त्याच गावाबाहेर आमचा मुलगा ड्रायव्हर कसा होतो? दहावी नापास झाला की ओळखीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. टायर बदलतो, काच पुसतो, मागे उभे राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करतो. रात्री उस्तादाला झोप आली की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात मिळते. ती त्याची शाळा. नियमाप्रमाणे अवजड गाडीसाठी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये किमान ३० दिवस आणि १५ तास प्रत्यक्ष चालवणे झाले पाहिजे. २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आणले, त्यात अवजड गाडीसाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे आणि तो पास झाल्यास आरटीओच्या टेस्टची सूट आहे. नियम चांगला आहे. पण ६ आठवडे रोजंदारी बुडवून फी भरणारा क्लीनर मला दाखवा. २०१९ मध्ये वाहतूक वाहन चालवण्यासाठीची आठवी पासची अट सरकारने काढली, त्याचे मी स्वागतच केले होते. शाळेने ज्यांना बाहेर ढकलले त्यांची रोटी त्या अटीने अडवली होती. पण अट काढताना आता प्रशिक्षणावर भर देऊ असे सांगितले होते. तो भर गरिबाच्या खिशावरच पडायचा असेल, तर अट काढून त्याला मिळाले काय?

गळीत हंगामात आमच्या रस्त्यांवर जे चालते त्याला तर कोणतीच शाळा नाही. एका ट्रॅक्टरला उसाने खचाखच भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली गेलेला. अंधारात मोटारसायकलवाला मागून धडकतो. कधी ट्रॉली पलटते आणि वर बसलेले ऊसतोड मजूर खाली येतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वस्त्यांत अशा मरणाची आठवण नसलेली घरे शोधावी लागतील. गुन्हा दाखल होतो ट्रॅक्टर ड्रायव्हरवर. तोही बहुधा कोणाचा तरी पगारी, आमच्यातलाच. ट्रॉली भरून देणारा, खेपा मोजणारा, वेळेत ऊस पाहिजे म्हणून फोनवर फोन करणारा, यांपैकी कोणाचेही नाव फिर्यादीत येत नाही. १०० पैकी १०० टक्के ड्रायव्हर!

सहीचा कागद आमच्याकडेही असतो बरे का. मुकादमाच्या वहीत उचल घेताना उमटवलेला अंगठा. फरक असा, की ट्रॅकवरचा श्रीमंत मौजेसाठी सही करतो आणि आमची माय-माऊली पोटासाठी अंगठा देते. म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. कामगाराने नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचे लिहून दिले तरी ते लिखाण रद्दबातल असते. १९२३ च्या भरपाई कायद्याचे कलम १७ हेच सांगत होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व घेतलेले आहे. तेव्हा 'तुम्ही अंगठा दिला आहे, आता काही मिळणार नाही' असे कोणी सांगितले तर तो खोटे बोलतो आहे.

उलट ती वही तुमच्या कामाची आहे. विमा कंपनीचा वकील कोर्टात पहिला मुद्दा काढतो तो हाच, की ट्रॅक्टर-ट्रॉलीत प्रवासी बसवायची परवानगी नाही, मयत फुकट बसला होता, आम्ही देणे लागत नाही. त्याला उत्तर एकच. मयत प्रवासी नव्हता, कामावरचा मजूर होता. ते सिद्ध करायला उचलीची नोंद लागते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी आधी पोस्टमार्टेमचा कागद विचारत नाही, मुकादमाच्या वहीचा मोबाईलवर काढलेला फोटो विचारतो. तो बहुतेक वेळा नसतो आणि अपघातानंतर वही गायब झालेली असते.

दुसरा मुद्दा लायसन्सचा. ड्रायव्हरचे लायसन्स हलक्या वाहनाचे होते म्हणून भरपाई नाही, असे विमा कंपन्या वर्षानुवर्षे म्हणत आल्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की ७५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. आमच्या छोट्या टेम्पोवाल्यांसाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. आणि दोन वाहनांच्या चुकीने तिसरा मेला असेल तर वारसांना दोघांपैकी कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागता येते, हे त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे. टक्के त्यांनी आपसांत वाटून घ्यावेत, विधवेने दोन दारे का झिजवावीत?

रस्ता सदोष असेल तर ठेकेदार आणि रस्त्याचे अधिकारी यांना १ लाखापर्यंत दंड करणारे कलम १९८-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. आमच्या तालुक्यांतल्या किती पोलीस ठाण्यांनी ते एफआयआरमध्ये लिहिले? ड्रायव्हरसाठी मात्र नव्या न्याय संहितेत १० वर्षांचे कलम लगेच सुचले. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या चालकांनी चाके थांबवली, तेव्हा कुठे १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. अपघात करून पळणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण जमावाच्या मारापासून जीव वाचवणारा ड्रायव्हर आणि दारू पिऊन पोर्शे पळवणारा यांना एकाच मापाने मोजू नका, हे त्या संपातले म्हणणे खरे होते.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे आमची पोरे गाडीच्या कर्जासाठी अर्ज भरतात. त्या कर्जाच्या जोडीला ३८ तासांच्या प्रशिक्षणाची फी आणि त्या ६ आठवड्यांचा विद्यावेतन-भत्ता जोडा, अशी मागणी आपण का करू नये? गाडी दिली आणि शिकवले नाही, तर कर्जाचा हप्ता वारसांना फेडावा लागतो.

तेव्हा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना सुचवतो. येता गळीत हंगाम सुरू होण्याआधी पुण्याच्या साखर आयुक्तांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि आरटीओला एकच निवेदन जावे. दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा ऊस कारखान्याने गव्हाणीवर घेऊ नये. ट्रॉलीवर माणसे बसवून आणली तर कारखाना, मुकादम आणि ट्रॅक्टरमालक यांची नावे फिर्यादीत यावीत. प्रत्येक मजुराला उचलीच्या नोंदीची प्रत मिळावी. आणि ज्यांच्या घरी अपघात झाला आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. २०२२ पासून मोटार अपघात भरपाईचा अर्ज ६ महिन्यांत करण्याची अट परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. चाळिसावा उरकला की कागद घेऊन वकिलाकडे या.