जयपूरचे सिल्व्हा हकीम

जयपूर म्हटले की हवामहल, जंतरमंतर आणि गुलाबी भिंती डोळ्यांपुढे येतात. पण याच शहरात एक पोर्तुगीज ख्रिस्ती घराणे पिढ्यान् पिढ्या नांदले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसवले. त्याला ग्रहताऱ्यांचे विलक्षण वेड. युरोपात या शास्त्राची प्रगती कुठवर आली आहे, हे समजावे म्हणून त्याने फादर मॅन्युएल द फिगेरेदो या जेझुइट धर्मगुरूंबरोबर आपली माणसे थेट पोर्तुगालला धाडली. ती मंडळी १७३० च्या सुमारास गोव्यामार्गे परतली. फ्रेंच ज्योतिर्विद द ला हिर यांची कोष्टके जयसिंहाच्या हाती आली. त्याने ती स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, तर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला!

याच निमित्ताने पेद्रो द सिल्व्हा जयपूरला आले. ज्योतिषाबरोबर त्यांना वैद्यकही येत होते. पुढे १७३४ साली बंगालमधल्या चंद्रनगरहून दोन फ्रेंच धर्मगुरू आले, १७४० मध्ये दोन जर्मन आले. त्यांतले फादर गाबेल्सबर्गर लवकरच जयपूरला वारले. १७४३ साली जयसिंहही गेला आणि धर्मगुरूंचा आधार तुटला.

सिल्व्हा मात्र तिथेच राहिले. त्यांची मुले-नातवंडे राजस्थानच्या मातीत वाढली. लोक त्यांना हकीम म्हणून ओळखू लागले. त्याच घरातल्या काहींनी उर्दूत शायरीही केली. जंतरमंतरला २०१० साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या वेधशाळेपायी आलेल्या माणसांची आठवण मात्र काही जुनी पत्रे आणि मोजकी पुस्तके यांतच उरली आहे.

दगड सरकार सांभाळते. माणसांची नावे घरच्यांनीच सांभाळायची असतात. ख्रिस्ती घरांना चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या उपयोगी पडतात, कुणाला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळी. पण आजोबा कुठून आले, का आले आणि तिथेच का राहिले, हे कोणत्याही वहीत सापडत नाही. ते आजीलाच विचारावे लागते, आणि तेही वेळेवर.