येवा किती, ते सांगा

शनिवारी सकाळी सव्वादहाला फोन आला. एका पतसंस्थेत संगणकाचं काम बघणारा मुलगा होता. "सर, काउंटर बंद आहे. डिस्क फुल्ल. बाहेर लोक पासबुकं घेऊन उभे आहेत. आणि स्क्रिप्ट तर रात्री ११ ला नीट चालली होती, काहीच बोलली नाही."

गेलो. स्क्रिप्ट दहा-बारा ओळींची, आपल्याकडे सगळीकडे फिरते तशीच. रोज रात्री क्रॉन हा वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम तिला उठवतो, ती डीएफ कमांडने डिस्कचा टक्का घेते आणि तो ९० च्या वर गेला असेल तर मेल टाकते. शुक्रवारी रात्री टक्का होता ८५. नव्वदच्या आत, म्हणून गप्प. पण गुरुवारी रात्री दुसऱ्याच कामासाठी या मुलाने तोच आकडा पाहिला होता, तेव्हा तो ४० होता. एका दिवसात ४० चे ८५ झाले आणि पहारेकऱ्याला त्याचा पत्ताच नाही, कारण कालचा आकडा त्याने कुठे लिहूनच ठेवला नव्हता.

असे आकडे नोंदवहीत लिहून ठेवावेत, असं मी या सदरात मागे लिहिलं तेव्हा, आता वह्या कोण ठेवतं, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. त्यांच्यासाठीच या आठवड्याचा लेख खर्ची घालतो आहे.

हा हिशेब आधी धरणांवर करून पाहू. पुण्यात पावसाळ्यात सकाळचा पेपर उघडला की आपण आधी धरणं बघतो. खडकवासला साखळीची उपयुक्त साठवणक्षमता २९.१५ टीएमसी. त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. आता समजा, वरसगाव ९० टक्के भरलंय आणि खडकवासलाही ९० टक्के. टक्का एकच. दोन्हीकडे १०,००० क्युसेकने येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, सुरू आहे आणि दरवाजे बंद आहेत. वरसगाव भरायला साधारण ३५ तास लागतील. खडकवासला साडेपाच तासांत काठोकाठ. म्हणून धरणावरची माणसं नुसत्या टक्क्यावर कधीच थांबत नाहीत. साठा किती, येवा किती, विसर्ग किती, हे तिन्ही आकडे ती पावसाळ्यात तासातासाला लिहितात आणि त्यावरून सांडव्याचं ठरवतात. पुण्यात नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जाण्याआधी नदीकाठच्या वस्त्यांना इशारा मिळतो, तो या लिहिण्यामुळे.

आमची स्क्रिप्ट मात्र फक्त साठा विचारते, तोही दिवसातून एकदा. पतसंस्थेची डिस्क ४० जीबीची, म्हणजे आमचं खडकवासला. शुक्रवारी सकाळी १० च्या सुमारास सॉफ्टवेअरवाल्यांनी नवी आवृत्ती टाकली आणि चाचणीसाठीचा तपशीलवार लॉग बंद करायचा राहून गेला. प्रत्येक व्यवहार, प्रत्येक क्वेरी त्यात उतरत होती. रात्री ११ पर्यंतच्या १३ तासांत १८ जीबी आले. उरले होते ६. त्याच वेगाने हिशेब केला तर पहाटे साडेतीनच्या आतबाहेर डिस्क भरणार, हे रात्री अकरालाच सांगता आलं असतं. त्यासाठी लागत होते फक्त दोन आकडे आणि एक भागाकार. ४ टीबीच्या डिस्कवर हाच लॉग ८५ टक्क्यांना असता तर निवांत दोन-तीन आठवडे मिळाले असते. सगळ्या मशिनांना ९० ची एकच रेघ आखून देणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून पाहावं.

पुढचा प्रकार तर मला फार लागला. त्या मुलाने सकाळी स्क्रिप्ट हाताने चालवली. आकडा आला १००, पण मेल निघेना. मेलची रांग त्याच भरलेल्या डिस्कवर! मग घाबरून त्याने लॉगची फाईल उडवली, तरी जागा मोकळी होईना. फाईल यादीतून गेली होती, पण चालू प्रोग्रामने ती अजून उघडी धरून ठेवली होती. लिनक्स अशी जागा प्रोग्राम ती फाईल सोडेपर्यंत परत देत नाही. सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू केली, तेव्हा टक्का खाली आला. तोवर बाकावरच्या एक आजी तिसऱ्यांदा उठून खिडकीशी येऊन गेल्या होत्या.

डिस्कबरोबर प्रोसेसर आणि मेमरीही नोंदवायची असते, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. मेमरीत 'फ्री'चा रकाना पाहून घाबरू नका. रिकामी मेमरी लिनक्स फायलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की परत देतो. 'अव्हेलेबल' पाहा. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून तो आकडा सरळ मिळतो. आणि लोड ॲव्हरेज वाढला म्हणजे प्रोसेसरच दमला असं नाही. डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स त्यात मोजतो.

रंगीत काटे फिरवणारा महागडा डॅशबोर्ड घ्या, असं सांगायला दुपारी एक जण येऊन गेला. मी ठाम नाही म्हटलं. जिथे नोंद लिहायची सवय आहे तिथलं मशिन न सांगता कधी बसत नाही, असं मी मानत आलो आहे आणि मानत राहणार. त्याच स्क्रिप्टमध्ये आम्ही चार ओळी वाढवल्या. आता ती दर ५ मिनिटांनी चालते आणि वेळ, डिस्क, मेमरी, लोड अशी एक ओळ फाईलच्या शेवटी जोडते. दिवसाला २८८ ओळी, वर्षाला ६-७ एमबीच्या वर जायचं नाही. ही फाईल दुसऱ्या मशिनवर ठेवली आहे आणि इशाऱ्याचा मेलही तिथूनच निघतो. मागच्या तासाशी वजाबाकी करून, याच वेगाने डिस्क भरायला किती तास उरले, तेवढं ती शेवटच्या रकान्यात लिहिते. २४ च्या खाली गेलं की मेल.

मंगळवारी रात्री बॅकअप सुरू असताना तो रकाना १९ वर आला. मुलाने मेल पाहिला, जुन्या दोन बॅकअप फायली दुसरीकडे हलवल्या आणि मला एवढंच कळवलं, "सर, थोडा विसर्ग केला."